डॉक्टरीणबाईंची कानतपासणी

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात दिवसभर नुसता धडधडाट. लेथ किंचाळताहेत, प्रेस आदळताहेत, वर क्रेनवाला शिट्ट्या मारतोय आणि खाली दोन माणसं शेजारी उभी राहूनही एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलताहेत. पण अगदी टोकाला, रंगकामाच्या पलीकडे, जाड दाराची एक खोली आहे. तिच्या भिंतींना फोम, खिडकीला दोन-दोन काचा, आणि दारावर खडूनं लिहिलेलं, ‘आत बोलू नये.’ हे अक्षर डॉक्टरीणबाईंचं.

खऱ्या डॉक्टर नव्हेत हं! तयार झालेला प्रत्येक पंप बाहेर पडण्याआधी त्यांच्या टेबलावर येतो. बाई तो चालू करतात, हातभर लांबीची एक पोलादी सळई त्याच्या अंगाला टेकवतात, सळईची लाकडी मूठ कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. बेअरिंग कुरकुरतंय का, आतलं पातं कुठं घासतंय का, एखादा स्क्रू सैल राहिलाय का, सगळं त्यांना त्या सळईतून कळतं. चांगल्या पंपावर पांढरी खूण, वाईटावर लाल फुली. लाल फुली पडली की पंप माघारी जातो, आणि ज्यानं तो जोडला त्याचं तोंड दिवसभर एरंडेल प्यायल्यासारखं. एकतीस वर्षं बाई हेच करताहेत. डॉक्टरीणबाई हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, आणि घरचं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी वापरत नाही.

बाई तोंडानं फटकळ, पण हातानं सावकाश. ‘झालं का हो बाई?’ असं दारातून विचारणाऱ्याला त्या अशा काही बघायच्या, की तो बिचारा पुढचे चार दिवस त्या बाजूला फिरकायचा नाही. मात्र त्यांनी पांढरी खूण केलेला पंप आवाजाच्या तक्रारीनं परत आलाय, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. आता एवढं असल्यावर माणसाला थोडा तोरा असणारच. बाईंना थोडा नाही, चांगला भरपूर होता.

आणि नेमक्या त्याच तोऱ्यावर त्या वर्षी गदा आली.

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांची तब्येत तपासतात. म्हातारे डॉक्टर होते तोवर कानाची तपासणी म्हणजे गंमत होती. डॉक्टर विचारायचे, ‘कशा आहात बाई?’ बाई म्हणायच्या, ‘बरी आहे.’ की झाले कान पास. ते डॉक्टर निवृत्त झाले आणि यंदा त्यांच्या जागी आवारात एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. गाडीत कपाटाएवढी काचेच्या दाराची खोली, खोलीत एक खुर्ची, आणि बाकी सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हातात. कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण घ्यायचं, एक ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात सांगते, ‘आवाज ऐकू आला की बटण दाबा,’ आणि काम सुरू. ना कुणी हसणार, ना कुणी ‘बसा’ म्हणणार.

बाई आत बसल्या. डोळे मिटले, सवयच ती. थोड्या वेळानं कानात बारीक ‘पीं’ वाजलं. वाजलं बहुतेक, बाई मनात म्हणाल्या. पुन्हा वाजलं, जरा मोठ्यानं. हो हो, वाजतंय खरं. तिसऱ्यांदा वाजलं. आता शंकाच नाही. बाईंनी बटण दाबलं. मग आवाज बारीक झाला, बाईंनी पुन्हा तसंच नीट, मन लावून, खात्री करून घेऊन दाबलं. जाड आवाज झाले, चिरके आवाज झाले, उजवा कान झाला, डावा झाला. बाहेर येताना त्या रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, “काही नाही गं, पोरखेळ आहे.”

दुपारी सुपरवायझरनं बोलावलं. हा सुपरवायझर बाईंच्या हाताखालून गेलेला. एके काळी ह्याच खोलीत त्यांच्या बाजूच्या स्टुलावर बसून सळई धरायला शिकला होता, पण कानापेक्षा कागदात जास्त रमतो म्हणून वर चढला. माणूस वाईट नाही, पण कागदावर छापलेलं असलं की त्याला आईचंसुद्धा खोटं वाटेल. त्यानं बाईंकडे न बघता कागद वाचला. “दोन्ही कानांची श्रवणशक्ती मध्यम प्रमाणात कमी. ऐकण्यावर अवलंबून असलेल्या कामासाठी अयोग्य.”

“कुणाची?” बाईंनी विचारलं.

“तुमची, बाई.”

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. सुपरवायझर सांगत राहिला, की पुढच्या बुधवारी हॉस्पिटलात सविस्तर तपासणी होईल, नियमाप्रमाणे आपण सोबत येऊ, तोवर पॅकिंगला बसा, आणि तिथंही तोच निकाल लागला तर मग कायमचंच पॅकिंग. बाई ‘बरं’ म्हणून उठल्या. एकतीस वर्षांत त्या कुणाला इतक्या गुपचूप ‘बरं’ म्हणाल्या नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, पॅकिंग म्हणजे काही फाशी नव्हे. खरंय. पण बाईंच्या काळजात धस्स झालं ते पॅकिंगपायी नव्हे, त्यांच्या आईपायी. त्यांची आई साठीच्या आतच बहिरी झाली. आधी आधी सगळे ओरडून सांगायचे, मग थोडक्यात सांगायला लागले, मग ‘काही नाही, तू बस’ म्हणायला लागले. शेवटची बारा वर्षं ती माउली घरातल्या एका खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघून हसायची. कुणी मेल्याची बातमी सांगितली तरी हसायची, कारण बाकीचे काय बोलताहेत ते तिला कळायचं नाही, आणि आपल्याला कळत नाही हे दाखवायची तिला लाज वाटायची. बाईंनी ते हसणं रोज पाहिलं होतं. आता आपली पाळी, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि एकदा घेतलं ते घेतलंच.

मग काय, जिकडे तिकडे पुरावेच दिसायला लागले. बाईंचे यजमान शिवणकाम करतात, घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. ते काही बोलले की गेले सहा महिने बाईंच्या तोंडून ‘काय?’ असंच निघत होतं. आत्तापर्यंत त्याचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक ‘काय?’सरशी त्यांचा जीव खाली-वर होऊ लागला. टीव्हीचा आवाज किती ठेवलाय ते त्या चोरून बघू लागल्या. पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना चिकटपट्ट्या लावता लावता कुणी मागून हाक मारली आणि त्यांना ती लगेच ऐकू आली, तरी त्यांना वाटायचं, ही बहुधा दुसरी हाक असणार, पहिली निसटली.

घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पण एक गोष्ट लांबवण्यासारखी नव्हती. त्यांची लेक नर्स. तिचं बाळ चार महिन्यांचं, बाळंतपणाची रजा महिनाअखेर संपणार, आणि पुढं आठवड्यातून तीन रात्रपाळ्या. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर, त्याचा घरी असण्याचा काही नेम नाही. त्या तीन रात्री बाळ आजीकडे झोपेल असं बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं. आजीनं पाळणासुद्धा आणून ठेवला होता. शनिवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला, “आई, रजा संपली की पहिल्याच सोमवारी रात्रपाळी आहे गं.”

बाईंनी पाळण्याकडे पाहिलं. बाळ रडतंय आणि आपण शेजारीच घोरत पडलोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“मला नाही जमायचं,” त्या म्हणाल्या. “दुसरी काही सोय बघ.”

“म्हणजे? आई, अगं आता ऐन वेळी...”

“नाही जमायचं म्हटलं ना एकदा!”

मग लेक म्हणाली, “बरं,” आणि फोन बंद झाला. खरं कारण सांगितलं असतं तर लेकीनं रात्रपाळ्याच सोडल्या असत्या, आणि त्यात नोकरीही गेली असती. म्हणून बाई वाईट झाल्या. यजमान मशीन थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले आणि काहीतरी पुटपुटले. बाईंना ते ऐकू आलं नाही, आणि परत विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

बुधवारी हॉस्पिटलात सुपरवायझर आधीच येऊन बाकावर बसला होता, हातात फाइल. तपासणीवाली तिशीची असेल. कुरळ्या केसांचा बुचडा, त्यात खोचलेलं पेन, आणि बोलणं असं की जणू ओळख दहा वर्षांची. “या मावशी, घाबरायचं काय त्यात, कानच तपासायचेत, कापायचे नाहीत!” एरवी बाईंना असली सलगी खपत नाही. त्या दिवशी बरी वाटली.

पुन्हा तीच काचेची खोली, तेच हेडफोन, तेच बटण. बाईंनी जिवाचा कान करून ऐकलं आणि पूर्ण खात्री करून करून दाबलं. मग तपासणीवालीनं बटण काढून घेतलं आणि समोर एक माईक ठेवला. “आता कॉम्प्युटर एकेक शब्द बोलेल. जो ऐकू येईल तो तुम्ही बोलायचा. बरोबर की चूक ते तोच ऐकून ठरवतो.”

हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं, “कपाट.”

“कपाट,” बाई म्हणाल्या.

“सावली.”

“सावली.”

आवाज हळू होत गेला. दोरी, पाऊल, चमचा, मग कुजबुजीइतक्या आवाजात गवत, आरसा, विहीर. पुढं मागून गर्दीचा कालवा सोडला आणि त्यातून शब्द बोलले. बाई पटापट बोलत गेल्या. पंचवीसपैकी चोवीस बरोबर.

तपासणीवालीनं दार उघडलं तेव्हा सुपरवायझर तिच्या मागून पडद्यात डोकावत होता. पडद्यावर लाल चौकट आली होती. त्यानं सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं, “दोन्ही चाचण्यांचे निकाल जुळत नाहीत. प्रतिसाद विश्वासार्ह नाहीत.” आणि मग तो जरा घुटमळत म्हणाला, “बाई, राग मानू नका. पण कुजबुज ऐकू येते आणि शिट्टी ऐकू येत नाही, हे कसं? प्रेस विभागात काही लोक कान गेल्याचं सोंग करतात, हलकं काम मिळावं म्हणून. तुमचं तसं काही...”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या स्वतःसारख्या दिसल्या.

“सोंग? मी? अरे, सळई कुठल्या कानाला लावायची हे तुला मी शिकवलं! तुझ्या कॉम्प्युटरला म्हणावं, विश्वासार्ह नाही म्हणतोस ते कुणाला? एकतीस वर्षांत एक पंप परत आलेला दाखव, एक! हलकं काम पाहिजे असतं तर आठ दिवस खोक्यांना पट्ट्या लावताना माझा जीव असा तीळ तीळ तुटला असता का रे?” आणि एवढं बोलून बाई ढसाढसा रडायला लागल्या. सुपरवायझरला फाइल कुठं ठेवू आणि हात कुठं ठेवू असं झालं.

तपासणीवालीनं पाण्याचा ग्लास दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. “मावशी, सोंग नाहीये हे. मला दिसतंय ना. ही रेघ बघा.” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. आलेखावरची रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. उजव्या कानाची तशीच, डाव्याचीही तशीच, आणि गाडीतल्या तपासणीतलीही हुबेहूब तशीच. “खरा कान असा आखीवरेखीव बिघडत नाही. कुठंतरी चढ असतो, कुठंतरी उतार. आणि सोंग करणाऱ्याला तर अशी सरळ रेघ जन्मात जमणार नाही, त्याचा आकडा दर वेळी बदलतो. तुम्ही आत काहीतरी नेमानं करताय. काय करताय ते मला बघू द्या.”

मग ती स्वतः काचेच्या खोलीत शिरली, तोच आवाज ऐकण्यासाठी स्वतःच्या कानालाही एक तार लावली आणि बाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. तपासणी पुन्हा सुरू झाली. पहिलं ‘पीं’ वाजलं. बाईंच्या मिटलेल्या पापण्या किंचित हलल्या, अंगठा जागचा हलला नाही. दुसरं वाजलं. अंगठा बटणावर टेकला, पण दाबला नाही. तिसरं वाजलं आणि बटण दाबलं गेलं. पुढचा आवाज, पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला तपासणीवालीनं हेडफोनच उचलला.

“मावशी, पहिला आवाज ऐकू आला होता?”

“आला की.”

“मग दाबला का नाही?”

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नवशिक्याकडे पाहावं. “पहिल्यालाच कसा दाबू? भास असला तर?”

आणि मग त्यांनी सांगितलं. कामाला लागल्या तेव्हा त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या. पहिल्याच आठवड्यात एका पंपात ‘टिक’ असं ऐकू आलं न आलं, तोच त्यांनी लाल फुली मारली. चार माणसांनी सगळा पंप उघडला, तासभर शोधलं, आत काहीच नाही. तो ‘टिक’ त्यांच्याच बांगडीचा. सगळी पाळी हसली. त्यांना शिकवणारा म्हातारा फिटर मात्र हसला नाही. तो म्हणाला, पोरी, एकदा ऐकू आलं तर भास समजायचं, दुसऱ्यांदा आलं तर टेबल हललं असेल म्हणायचं, तिसऱ्यांदा आलं तरच खडूला हात लावायचा. दुसऱ्याचं काम मोडायचं तर तेवढी खात्री आपल्याकडे पाहिजे. त्या दिवशी बाईंनी बांगड्या काढून ठेवल्या, आणि तिसऱ्या आवाजाआधी एकदाही हात उचलला नाही.

दारात उभ्या सुपरवायझरनं कपाळावर हात मारला. “अरे देवा! मलाही हेच शिकवलं होतं! पहिल्यालाच फुली मारली म्हणून सळईचा एक फटकाही खाल्लाय मी!”

तपासणीवाली हसत सुटली, आणि मग हसता हसता समजावून सांगायला लागली. “अहो, पहिल्या आवाजाला तुम्ही दाबत नाही. कॉम्प्युटरला वाटतं, ऐकू आलं नाही, म्हणून तो आवाज वाढवतो. दुसऱ्यालाही नाही, म्हणून आणखी वाढवतो. तिसऱ्याला दाबता, तेव्हा तो कमी करतो, की तुम्ही आपल्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसता. तो बिचारा त्याच पायरीवर वर-खाली करतोय, आणि म्हणतोय ह्या बाईंना ह्याच्या खालचं काही ऐकूच येत नाही! पण मग शब्दांना का थांबला नाहीत?”

“इश्श!” बाई म्हणाल्या. “माणसाला तीन-तीनदा बोलायला लावतात होय? ते पंपाला ठीक आहे.”

पुढची तपासणी बाईंना फार जड गेली. तपासणीवालीनं बजावलं होतं, नुसता भास झाला तरी दाबायचं, चुकलं तर चुकू दे, मोजायचं नाही. बाई घामाघूम झाल्या. एकतीस वर्षांची शिस्त अंगठ्यात मुरलेली, प्रत्येक वेळी त्यांना वाटे की आपण चक्क खोटं बोलतोय. तरी त्या दाबत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा पडद्याकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी तपासणीवालीच्याच तोंडाकडे पाहिलं.

“उजवा कान माझ्यापेक्षा चांगला आहे,” ती म्हणाली. “डावा अगदी चिरक्या आवाजांना थोडासा कमी, तो चष्म्याच्या नंबरासारखा, वयाप्रमाणे. तुम्ही बहिऱ्या नाही आहात मावशी, आणि लवकर होण्यातल्याही नाही.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या बाकावर बसल्या, आणि बसल्या बसल्या हसायला लागल्या. सुपरवायझर शेजारी येऊन बसला, म्हणाला, “चुकलो, बाई.” बाई म्हणाल्या, “तू चुकलास ते चुकलास. मी काय केलं ते बघ. लोखंडाच्या पंपाला तीन वेळा ऐकून घेते, आणि स्वतःला एका कागदावर मोडीत काढून मोकळी झाले.” मग त्यांनी डोळे पुसले आणि उद्यापासून माझ्या टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला दिसला तर याद राख, अशी तंबीही दिली. तो ‘हो हो’ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरही सुटल्याचा आनंद लपत नव्हता, कारण आठ दिवस पंप कोण ऐकत होतं हे त्याचं त्यालाच ठाऊक.

घरी यजमान दारातच उभे होते. बाईंनी चप्पल काढायच्याही आधी सगळं सांगून टाकलं, आठ दिवसांचं, आईच्या खुर्चीचं, लेकीला खोटं बोलल्याचं, सगळं. ते ऐकत राहिले आणि मग काहीतरी पुटपुटले.

“काय?” बाई म्हणाल्या, आणि तिथंच थबकल्या. “अहो, थांबा. तोंड उघडा बघू.” यजमानांनी मुकाट्यानं तोंडातल्या चार टाचण्या हातावर काढल्या. “आणि ती कवळी? सहा महिन्यांपूर्वी बसवली तेव्हापासून नुसती खुळखुळतेय! माझे कान धडधाकट आहेत. तुमची कवळी घट्ट करून आणा आधी.”

“मी तेच म्हणत होतो,” यजमान आता स्वच्छ म्हणाले, “की पोरीला फोन कर.”

लेकीनं फोन उचलला, पण ‘बोल’ एवढंच म्हणाली. आवाजात चार दिवसांचा रुसवा. बाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. “मला वाटलं मी तुझ्या आजीसारखी बहिरी झाले,” त्या म्हणाल्या. “बाळ रडेल आणि मला कळायचंच नाही, ह्या भीतीनं तुला नाही म्हटलं. तपासून आले आज. कान चांगले आहेत. त्या सोमवारी बाळाला घेऊन ये, पाळणा तयारच आहे. मला माफ कर बाई.”

पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. ना हो, ना नाही. यजमानांनी खुणेनं विचारलं, फोन कटला का? बाईंनी ‘नाही’ अशी मान हलवली आणि फोन उजव्या कानाशी घट्ट धरला.

“रडू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “तोंडावर हात धरलास तरी ऐकू येतंय मला.”